थोरलीने पाडलेले वाटे

धायरी
१२ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
संपतचा साष्टांग नमस्कार.

बारा किलोमीटरवर राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहायला याला काय झालं, असं तुला वाटेल. फोन केला की तू "बरं" म्हणतेस आणि ठेवतेस. त्या "बरं"चा अर्थ मला पंचावन्न वर्षांत लागला नाही. शिवाय सोबतचे कागद टपालाने पाठवायचेच होते. म्हटलं, नुसते कागद जायला नकोत.

परवा आबांना जाऊन दोन महिने होतील. तलाठ्याकडे वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर 'दत्तोबा' या नावाला कंस पडला आणि खाली तुझं नि माझं नाव आलं. तो कंस बघून मला कसंतरीच झालं. खाट रिकामी झाली तेव्हासुद्धा एवढं झालं नव्हतं.

कागद हक्कसोडीचे आहेत. विक्रमने वकिलाकडून करून आणले. पेन्सिलीने फुल्या केल्यात, तिथे सही करायची. मग एक दिवस रजिस्ट्रार ऑफिसला येऊन फोटो आणि अंगठा. विक्रम गाडी घेऊन येईल, तुला काही त्रास पडणार नाही.

आपल्याकडे बहिणी भावाला सोडून देतात, हे मी तुला सांगायला नको. आबांच्या दोन्ही बहिणींनी दिलं. तुला पेन्शन आहे. भाऊजी गेल्यावरही तू कुणापुढे हात पसरला नाहीस. मूलबाळ नाही, म्हणजे तुझ्यामागे तो हिस्सा फिरून इकडेच यायचा. मग मधे तुझं नाव अडकवून कशाला ठेवायचं, असं विक्रम म्हणतो. मलाही पटलं.

यंदा तिळगूळ नाही. मोगऱ्याची कलमं मात्र चांगली धरली आहेत. नर्सरीत ये कधी, एक नेऊन गॅलरीत लाव.

तुझा,
संपत


सदाशिव पेठ, पुणे ३०
१७ जानेवारी २०२५

चि. संपत यास अनेक आशीर्वाद.

पत्र आणि कागद पोचले. फुल्या इतक्या ठळक आहेत की माणूस चष्मा विसरला तरी सही चुकणार नाही. विक्रमला शाबासकी सांग.

माझ्यामागे माझा हिस्सा तिकडेच येणार, हे तू लिहिलंस ते कायद्याने बरोबर आहे. मी विचारून घेतलं. त्यासाठी आधी मला जावं लागेल, एवढी एकच अडचण आहे. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, रोज सकाळी सारसबागेपर्यंत चालते आणि डॉक्टर माझ्यावर खूश आहेत. तेव्हा विक्रमने थोडा दम धरावा.

ती ओळ मी तीनदा वाचली. वाईट वाटलं. तू मुद्दाम लिहिली नाहीस हे मला कळतं, पण म्हणूनच जास्त वाटलं.

आता कामाचं. मला भांडायचं नाही. कोर्टात जायचं तर मुळीच नाही. पंचवीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात फायली लावल्या आहेत, फायलीत गेलेलं काही लवकर बाहेर येत नाही हे मला ठाऊक आहे. पण या फुल्यांवर सही केली की मी त्या घरची पाहुणी होते, आणि नाही केली तर गावभर भांडकुदळ. मला दोन्ही व्हायचं नाही.

आपल्या घराची एक रीत आहे, ती तुला आठवत असेल. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. आबांची नि काकांची वाटणी तशीच झाली, आबांनी वाटे पाडले, काकांनी उचलला, आणि मरेपर्यंत दोघांनी एकमेकांच्या बांधाकडे वाकडं पाहिलं नाही. आपणही लहानपणी तेच करायचो. घरात कलिंगड आलं की आबा सुरी माझ्या हातात द्यायचे आणि तुला म्हणायचे, "आक्का कापंल, तू उचल."

या घरात थोरली मी आहे. वाटे मी पाडणार, उचलणार तू. पटत असेल तर कळव. पटत नसेल तर कागद परत पाठवते, फुल्यांसकट.

शालू


धायरी
२८ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न.

दहा दिवस विचार केला. विक्रमला सांगितलं तर तो म्हणाला, "पप्पा, आत्या गेम करतेय. असं काही लीगल नसतं." आप्पासाहेबांना विचारलं. ते आता गावात सगळ्यांत वडील. त्यांनी आधी तंबाखू मळून घेतली. मग म्हणाले, "बाईनं वाटं पाडल्यालं म्या काय ऐकलं न्हाय बाबा. पर दत्तोबानं सुरी तिच्याच हातात दिल्ती, हे म्या डोळ्यानं बघितलंय." एवढं बोलून ते उठून गेले. त्याचा अर्थ हो का नाही ते मला कळलं नाही. मी हो धरला.

तर मला कबूल आहे. तू वाटे पाड.

एक सांगतो आक्का, मला भीती वाटते. पुढची जागा रस्त्याला लागून आहे, तिला भाव आहे. तिथे माझी नर्सरी आहे. एकवीस वर्षं मी तिथे पाणी घालतोय. मागे घर आणि भाड्याच्या सात खोल्या. तू कुठेही रेघ मारलीस तरी माझं काहीतरी तुटणार. पण कबूल म्हणजे कबूल.

हेमाला दोन ओळी लिहायच्या आहेत. खाली जागा सोडतो.

संपत

वन्सं, नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. वाटणीत माझं काही नाही, सुनेचं नसतंच, ते मला माहिती आहे. पण आबा दोन वर्षं अंथरुणाला होते. त्यांचं सगळं मी केलं. वास येतो म्हणून विक्रम खोलीत यायचा नाही आणि यांना रडू यायचं. तुम्ही दर रविवारी येत होता, त्यांचे केस विंचरायचा, ते खूश व्हायचे. मी उपकार म्हणून सांगत नाही. पण जो तो म्हणतो हे माझं, ते तुझं, आणि मी चहा ठेवते. म्हणून लिहिलं. राग मानू नका.
हेमा


सदाशिव पेठ
४ फेब्रुवारी २०२५

चि. संपत यास आशीर्वाद.

हेमाच्या चार ओळी वाचल्या. मी रविवारी येऊन केस विंचरत होते. बाकीचे सहा दिवस ती होती. तेराव्याला मी तिच्यासमोर बसून जेवले आणि हे एकदाही बोलले नाही.

तर वाटे पाडले आहेत.

वाटा पहिला. रस्त्यालगतची नर्सरीची जागा, मागचं राहतं घर, सात खोल्या, विहीर, जुन्या गोठ्याची जागा. बावीस गुंठ्यांतलं सगळं, दुसऱ्या वाट्यात लिहिलेलं सोडून.

वाटा दुसरा. घरामागचं रामफळाचं झाड, त्याच्या बुंध्याभोवती दहा फूट जागा, आणि रस्त्यापासून तिथपर्यंत कुणाला न विचारता येण्याजाण्याची पायवाट.

हक्कसोड मी करणार नाही. मी काही सोडलेलं नाही. मी वाटे पाडलेत, आणि रीतीप्रमाणे तू आधी उचलायचास. उरेल तो माझा.

उचललास की कळव. पुढचं वाटणीपत्र करायला मी येईन. विक्रमला सांग, फुल्या नकोत, मला सही कुठे करायची ते कळतं.

शालू


धायरी
२ मार्च २०२५

ती. आक्कास,
सा. न.

महिना उशीर झाला. तुला वाटलं असेल, याने मोठा वाटा उचलला आणि आता तोंड दाखवायला लाजतोय. तसंच झालं असतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी घरात सणासारखं झालं. विक्रमने दुसऱ्याच दिवशी वकिलाला फोन लावला. पुढच्या जागेवर काय बांधता येईल याची चित्रं त्याच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून तयार होती, ती त्याने मला दाखवली. सात मजले, खाली दुकानं. मी विचारलं, रोपं कुठे जायची. तो म्हणाला, "टेरेस गार्डन करू ना पप्पा." हेमाने फक्त विचारलं, "वन्सं आता झाडाखाली येऊन बसणार का?" मी म्हटलं, बसेल. त्यावर ती आत गेली. मला काही उमगलं नाही. मी खूशच होतो, खोटं कशाला सांगू.

परवा विक्रमने कलिंगड आणलं. हेमाने कापलं, ताट पुढे केलं, आणि माझा हात सरळ मोठ्या फोडीकडे गेला. पंचावन्न वर्षांचा माणूस, दोन दाढा नाहीत, पण हात बरोबर गेला. तेव्हा मला तू आठवलीस.

आक्का, तू कलिंगड दोऱ्याने मोजायचीस. आईच्या शिवणाचा दोरा घ्यायचीस, भोवती गुंडाळायचीस, मग दोऱ्याची घडी घालून कोळशाने खूण करायचीस. मी ओरडायचो की लवकर काप. आणि कापल्यावर कितीही निरखून बघितलं तरी मोठी फोड कोणती ते मला कळायचं नाही. एकदाही कळलं नाही. मी रडायचो त्यावरून.

जिने साधं कलिंगड कधी वाकडं कापलं नाही, तिने बावीस गुंठे असे कापले. म्हणजे हे वाटे नाहीत, हा राग आहे. मी त्या पहिल्या पत्रात जे लिहिलं, तुझ्यामागे इकडेच येणार वगैरे, ते वाचून तू मनातून उठून गेलीस. हवं ते मागितलं नाहीस. आपल्याच घरात यायला वाट मागितलीस.

माझी चूक झाली. ते वाक्य मी लिहायला नको होतं.

रीतीप्रमाणे मी धाकटा, मी आधी उचलायचा. मी दुसरा वाटा उचलला. रामफळ माझं, दहा फूट जागा माझी, आणि पायवाट माझी. बाकी सगळं तुझं.

तुझ्या घरात सध्या आम्ही तिघे राहतो. खाली करायचं असेल तर पावसाळ्याआधी सांग. मागाहून सामान भिजतं.

संपत


सदाशिव पेठ
५ मार्च २०२५

संपत,

तुला वेड लागलं आहे का? पत्र मिळाल्यापासून मी चार वेळा फोन उचलला आणि चार वेळा ठेवला. फोनवर मी "बरं" म्हणेन आणि तू ते खरं धरशील.

पत्राने जमिनी जात नाहीत, हे तुला माहीत आहे आणि मलाही. तरी रात्रभर मला वाटत राहिलं की हेमा माझ्या घरात भाडेकरू म्हणून भांडी घासते आहे. त्या बिचारीने काय केलंय? आणि विक्रम? त्याला सांगितलंस का? तो माझ्या नावाने बोटं मोडत असेल, आणि या वेळी त्याचं बरोबर आहे.

होय, राग होता. तुझ्यावर होता, थोडा आबांवर होता, सगळ्यांत जास्त माझ्यावर होता. हेमाच्या ओळी वाचून माझी मान खाली गेली होती. वाटलं, सगळं देऊन टाकलं की कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही. दिलं असं दिसलं पाहिजे, आणि तुम्हाला टोचलंही पाहिजे. इतकं स्वच्छ आज लिहिता येतंय, तेव्हा कळत नव्हतं.

थोरलीचं काम मी मागून घेतलं आणि पहिल्याच दिवशी बिघडवलं. आबांनी सुरी काढून घेतली असती.

तू दुसरा वाटा परत कर. मी वाटे नव्याने पाडते.

शालू


धायरी
९ मार्च २०२५

ती. आक्कास,

उचललेला वाटा परत करायची आपल्यात रीत नाही. पाडणारीने चुकीचे पाडले असं ती स्वतः म्हणत असेल, तर तिने जागेवर येऊन पाडावेत. घरी बसून पाडलेले मी यापुढे धरणार नाही.

सोबत पुठ्ठ्यात गुंडाळून घराची किल्ली पाठवतोय. तुझी आहे तोवर तुझ्याकडे असावी. आमच्याकडे दुसरी आहे, पण आम्ही सहसा दार लावत नाही.

रविवारी ये. मोजायचा टेप मी आणून ठेवतो. दोरा तू आण.

संपत


सदाशिव पेठ
२० मार्च २०२५

चि. संपत यास अनेक आशीर्वाद.

घरी आल्यापासून पाय दुखताहेत, पण झोप चांगली लागते. चार महिन्यांनी त्या अंगणात दिवसभर वावरले. टेपचं एक टोक तू धरलंस, एक मी, आणि विक्रम मधे छत्री धरून उभा राहिला. मला ऊन लागू नये म्हणून नव्हे, कुणी काय लिहितंय ते बघायला. पण धरली, हे खरं. निघताना तो म्हणाला, "आत्या, तुम्ही बिल्डरपेक्षा कडक आहात." मी ते कौतुक समजून घेतलं.

आता नीट पाडलेले वाटे लिहिते. सावकाश वाच.

पहिला वाटा, पुढचा. रस्त्यालगतचे आठ गुंठे, जिथे आज नर्सरी आहे.

दुसरा वाटा, मागचा. चौदा गुंठे. राहतं घर, सात खोल्या, विहीर, गोठ्याची जागा, रामफळ.

क्षेत्र सारखं नाही, पण मोल सारखं आहे. मी दोन जाणकारांना वेगवेगळं विचारलं, दोघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि तरी या एका गोष्टीवर पटलं. कितीही निरखून बघ, मोठी फोड कोणती ते तुला कळणार नाही.

मागच्याला रस्त्यावर यायला पुढच्यातूनच वाट आहे, ती कायमची. पुढच्याला पाणी मागच्या विहिरीचंच आहे, तेही कायमचं. म्हणजे कोणताही उचललास तरी तुला रोज माझं काहीतरी लागणार आणि मला तुझं. एकमेकांचं तोंड न बघता जगायचं असेल तर हे वाटे उपयोगाचे नाहीत. तसं असलं तर आत्ताच सांग.

आणि पाडणारीची एक अट. घर ज्याच्या वाट्याला येईल, त्याने ते घर हेमाच्या नावावर करायचं. बक्षीसपत्र करून, रजिस्टर करून. तुझ्याकडे आलं तर तू करायचंस, माझ्याकडे आलं तर मी करीन. कायद्यात सुनेचं नसतं, हे तिने मला लिहिलं ते खरं आहे. कायद्यात नसेल, तर आपण देऊ.

खरं सांगते, मला पुढचा वाटा आला तर तुझी नर्सरी माझ्या जागेत येते, याची मला धास्ती वाटते. तू एकवीस वर्षं जिथे पाणी घातलंस ते ठिकाण माझ्या नावावर नको. म्हणून तू पुढचा उचललास तर मला आनंदच होईल. पण हे सांगायचा मला अधिकार नाही. मी कापलं, आता तू उचल.

किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे. परत पाठवायचं लक्षात राहिलं नाही. तसं म्हटलं तर राहिलं होतं.

शालू


धायरी
३० मार्च २०२५

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

आज पाडवा. आबांचं वर्ष व्हायचंय म्हणून गुढी उभारली नाही, पण दिवस चांगला आहे म्हणून वाटा आजच उचलला.

मी मागचा उचलला. पुढचा तुझा.

विक्रम म्हणतो, मी नर्सरी हातची घालवली. मी त्याला म्हटलं, घालवली नाही, आक्काकडे ठेवली. माझ्याकडे राहिली असती, तर लॅपटॉपमधली तुझी ती चित्रं बघून एखाद्या दिवशी मी सही केली असती. मला आता मन घट्ट ठेवायला जमत नाही. तिला जमतं. संध्याकाळी बघितलं तर तो पुढच्या कुंड्या सावलीत ओढत होता.

घराच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाने दिला. हेमाला वाचायला दिला. आपलं नाव जिथे आहे तिथे ती थांबली, पुन्हा वाचलं, आणि कागद मला परत देऊन आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेलो, तर आबांच्या खोलीत खाटेवर बसली होती. म्हणाली, "आज चहा तुम्ही ठेवा."

ठेवला. बरा झाला होता.

पहिली रामफळं उतरवली आहेत, चार तुझी. किल्ली परत करू नकोस.

आणि एक. तुझ्या जागेतल्या रोपांना रोज सकाळी पाणी घालायला माणूस लागेल. एक आहे माझ्या ओळखीचा. वय झालंय, दोन दाढा नाहीत, पण एकवीस वर्षांचा अनुभव आहे. ठेवून घेणार असशील तर कळव. फोनवर नुसतं "बरं" म्हटलंस तरी चालेल.

तुझा,
संपत